पान सत्तेचाळीस

चेरुकडवू
२१ जून २०१४

उमैबा टीचरांस,

'तुम्ही' लिहिताना पेन अडखळतंय. पण आठ वर्षांनंतर 'तू' म्हणायचा हक्क मला उरलाय की नाही ते माहीत नाही, तेव्हा 'तुम्ही'च बरं. पत्र मन्नारकाडच्या तुमच्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिला असता. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

काम छोटं आहे. नववी ब च्या मुलांना आपल्या नदीतल्या माशांची नावं हवी आहेत. बाजारातली नव्हेत, नदीकाठची. तुम्हाला जेवढी येतात तेवढी आता गावात कुणाला येत नाहीत.

कशासाठी, ते सांगते. उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, तिथे विकी शिकवली. तुम्हाला कॉम्प्युटरचा कंटाळा, म्हणून सोपं करून सांगते. समजा वर्गात एक फळा आहे. त्यावर कुणीही येऊन लिहावं, आधीच्याचं पुसावं, सुधारावं. पण जे पुसलं ते जात नाही. कुणी, कधी, काय पुसलं ते सगळं फळ्याच्या पाठीमागे जसंच्या तसं राहतं आणि कुणालाही बघता येतं. पुसायचं असेल तर पुसण्याचं कारण लिहायचं, एवढाच नियम. शाळेच्या विकीवर आमचा वर्ग चेरुकडवूची पानं लिहितोय. होडीचं पान, खाजणातल्या भाताचं पान, माशांचं पान, पुलाचं पान. चौतीस मुलं, बारा कॉम्प्युटर, त्यांतले नऊ चालणारे.

तुमच्या-माझ्यात जे झालं त्याबद्दल हे पत्र नाही. फक्त माशांबद्दल आहे.

आपली,
वसुमती


१२ जुलै २०१४

उमैबा टीचर,

उत्तर नाही आलं. मी वाट बघत नव्हते. रोजे चालू असतील, शाळा असेल, वेळ कुठून मिळणार.

माशांच्या पानावर सतरा नावं झाली. बोय आणि जिताडा यांवर भांडण झालं नाही, पण कोळंबी मासा आहे की नाही यावर चर्चेच्या पानावर तीन दिवस रणधुमाळी चालली. (प्रत्येक पानाला एक चर्चेचं पान असतं. भांडणं तिथे करायची, म्हणजे मुख्य पान स्वच्छ राहतं. ही सोय स्टाफरूममध्ये असती तर किती बरं झालं असतं.) शेवटी जिष्णूने लिहिलं, "आई म्हणते, मासा असो नसो, कालवणात तीच पाहिजे." त्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

हा जिष्णू गेली दोन वर्षं माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचा. त्याची आई खाजणात कामाला जाते. भाताच्या पानावर पुस्तकातून उतरवलेलं होतं की बी 'शेतात पेरतात'. त्याने ते पुसून लिहिलं, "शेतात नाही. आधी मातीचे ढीग करतात, पावसाने त्यांतलं मीठ उतरलं की ढिगावर पेरतात, रोप वीतभर झालं की ढीग फोडून पसरतात." कारणाच्या जागी लिहिलं, "मी फोडलेत." आता भातावर कुणाला काही लिहायचं असलं की आधी त्याला विचारतात. खिडकीबाहेर बघायला त्याला वेळ नाही.

परवा कुणीतरी शाळेच्या पानावर लिहून ठेवलं की मुख्याध्यापक दामोदरन मास्तर, आपले माश, यांचा जन्म १८५७ साली झाला. इतिहासाच्या कळीवर एक टिचकी मारली आणि गुन्हेगार सापडला. माशनी त्याला बोलावलं. मला वाटलं, आता विकी बंद. माश म्हणाले, "बाळा, पुरावा जोडला नाहीस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वसुमती, एकेका पानाला चौतीस जणांचे हात. मार्क कुणाला देणार?"

"सगळ्यांना."

"मग परीक्षेला नदीलाच बसव. पास झाली तर तिला वरच्या वर्गात घालू."

हसताना मला तुमची आठवण झाली. तुम्ही असतात तर माशना याच्यावर काहीतरी सुनावलं असतंत.

माशांची नावं जमल्यास पाठवा.

वसुमती


२ ऑगस्ट २०१४

उमैबा टीचर,

ईद आनंदात गेली असेल.

वर्ग ठीक चालला आहे. होडीच्या पानासाठी मुलांनी आपलं पुस्तक वापरायला घेतलं. म्हणजे 'चेरुकडवू: नदी आणि गाव'. एका मुलीने त्यातल्या एका पानाबद्दल शंका काढली. फार मोठी नव्हती. विषयाला सोडून होती, म्हणून मी ती बाजूला केली. बाकी विशेष काही नाही.

पाऊस चांगला आहे.

वसुमती


६ ऑगस्ट २०१४

उमैबा इत्तात्ता,

मागच्या पत्रात मी 'आपलं पुस्तक' लिहिलं ते तुला खुपलं असेल. आठ वर्षांत तो शब्द मी कधी वापरला नव्हता. आणि बघ, 'तू' आलंच, आणि थोरल्या बहिणीला म्हणावं तसं 'इत्तात्ता'ही. आता येऊ दे. जे लिहायचं आहे ते 'तुम्ही' म्हणून लिहिता येणार नाही.

ती शंका छोटी नव्हती.

नफला नावाची मुलगी आहे, पैलतीरावरची. पहिल्या बाकावर बसते, अक्षर किरटं, नजर त्याहून बारीक. विकीवर काहीही लिहिलं की 'हे कशावरून?' असं विचारायचं, ही सवय मी मुलांना लावली. नफलाला ती अशी लागली की आता घरी तिची उम्मा वैतागलीय म्हणे. तर नफलाने चवथं प्रकरण, तुझ्या उप्पांच्या होडीचं, ओळ न् ओळ वाचलं, आणि गेल्या शुक्रवारी चर्चेच्या पानावर लिहिलं:

"पान ४७. 'पैलतीरावरून हाक आली की उप्पा हातातला घास ताटात ठेवून उठत.' बाकी सगळीकडे 'नावाडी मोयदीन' असं आहे, इथेच 'उप्पा' आहे. टीचरांच्या घरी वडलांना अच्छन म्हणतात. आणि नावाडी जेवताना काय करायचा हे टीचरांना कसं कळलं? हे वाक्य कुणाचं आहे?"

खाली मुलांनी तर्क लढवले होते. एक म्हणाला छपाईची चूक. एकीने लिहिलं, टीचर लहानपणी त्यांच्या शेजारी राहत असतील. जिष्णूने लिहिलं, "चूक असती तर वाक्य इतकं चांगलं झालं नसतं."

इत्तात्ता, मी तो सगळा मजकूर काढून टाकला. शाळा सुटल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत एकटी बसले आणि पुसलं. माझ्या हाताला तशी सवय आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

पण हा फळा तसला नाही, हे मी पुसताना विसरले. सोमवारी मधल्या सुट्टीत नफला स्टाफरूमच्या दारात उभी.

"टीचर, एक विचारू?"

"विचार."

"दुसऱ्याचं लिहिलेलं काढायचं असेल तर कारण लिहायचं, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"हो."

"शुक्रवारी तुम्ही माझा प्रश्न काढलात. कारणाची जागा कोरी आहे."

मी म्हटलं, "तो विषयाला सोडून होता."

"मग तसं लिहा ना, टीचर. मी वाद नाही घालणार. फक्त कोरं नका ठेवू."

आवाजात राग नाही, उद्धटपणा नाही. तिला खरंच वाटत होतं की मी घाईत विसरले.

ती गेली आणि माझ्यासमोरचा चहा तसाच निवत राहिला. विषयाला सोडून होता, एवढं लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. कॉम्प्युटरसमोर बसले, तेच लिहायला घेतलं, आणि बोटांना जमेना. शेवटी तिचा प्रश्न होता तिथे परत ठेवला. कारणाच्या जागी लिहिलं, "काढला, कारण लाज वाटली. परत ठेवला, कारण प्रश्न बरोबर आहे."

पुढचा तास माझाच होता. वर्गात शिरले तेव्हा सगळ्यांनी ते वाचलेलं होतं. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. हे पुस्तक दोघींनी लिहिलं. सातांपैकी चार प्रकरणं उमैबा टीचरांची. नावाडी मोयदीन हे त्यांचे वडील. पुस्तक एका आवाजात वाचलं जावं असं म्हणून 'माझे उप्पा' काढून 'नावाडी मोयदीन' मी घातलं. उमैबा टीचर हो म्हणाल्या, कारण कव्हरवर दोन नावं येणार होती.

आणि मग कव्हर, जे मी तुलाही कधी सांगितलं नाही. छापखानेवाल्याचा फोन आला. तो म्हणाला, दोन नावं बसत नाहीत, मोठी होतात. मी म्हटलं, मग एकच टाका. त्याने विचारलं, कुठलं? इत्तात्ता, त्याने विचारलं होतं. कव्हर छापायला अजून नऊ दिवस होते. नऊ दिवसांत मी रोज स्वतःला सांगत होते की उद्या फोन करू. प्रकाशनाच्या दिवशी तू तिसऱ्या रांगेत होतीस. पुस्तक हातात घेतलंस, उलटंसुलटं केलंस, टेबलावर परत ठेवलंस आणि चप्पल घालून निघून गेलीस. मी माईकसमोर उभी होते. गावाचे आभार मानत होते.

मग जिष्णू म्हणाला, "म्हणजे टीचर, कॉपी?"

"हो. कॉपीच."

"आम्ही केली असती तर पालकांना बोलावलं असतं."

"माझे नाहीत रे आता. नाहीतर बोलावलं असतं."

थोडं हसू झालं. मग नफलाने विचारलं, "उमैबा टीचर कुठे आहेत?"

"मन्नारकाडला."

"शिकवतात अजून?"

"मल्याळम."

"मग त्यांनाच विचारा ना. होडीच्या पानावर आमचं अडलंय. उधाणाच्या दिवशी होडी किती वाजता बंद व्हायची ते पुस्तकात नाही."

एवढंच. आठ वर्षं जे मी पोटात दगडासारखं वागवलं, ते या पोरांनी ऐकलं, बाजूला ठेवलं आणि भरती-ओहोटीकडे वळली. मला इतकं हलकं वाटलं की फळ्यावर तारीख लिहिताना मी वर्ष चुकवलं.

उत्तर दे असं म्हणत नाही. पण पहिल्या पत्रात माशांचं निमित्त केलं होतं, ते खोटं होतं, एवढं मानून घे. मासे मला कोळीणबाईंनीही सांगितले असते.

तुझी,
वसू


३० ऑगस्ट २०१४

इत्तात्ता,

तू गप्प आहेस. पण पत्रं परत आलेली नाहीत, म्हणजे पोस्टमन ती कुणाच्या तरी हातात देतोय.

इकडे माझं जाहीर झालं. चौतीस मुलं म्हणजे चौतीस घरं. आठवड्याच्या आत कुञ्ञिरामनच्या चहाच्या टपरीवर विषय तोच. दामोदरन माशनी मला बोलावून दार लोटलं.

"काय गरज होती? तुझा सत्कार केला होता गावाने."

"शाल परत करू का, माश?"

"शालीचं कोण विचारतंय. मुलांसमोर शिक्षकाने असं उघडं पडावं का?"

"मुलांनीच उघडं पाडलं, माश. मी फक्त होकार दिला."

माश म्हणाले, "मला वाटायचंच. ते चवथं प्रकरण तुझं नव्हे. त्यात एकही उपमा नाही." इत्तात्ता, आठ वर्षं ओळखून होते आणि बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "आता केलंच आहेस तर नीट कर. केरळ दिनाला सगळ्या गावासमोर ती पानं दाखवायची."

वाईट कुणी फारसं बोललं नाही. वाचनालयाच्या सेक्रेटरींनी तीन दिवस नमस्कार घेतला नाही, चवथ्या दिवशी घेतला. खरं सांगू, मला ज्याची भीती होती ते इतकं लहान निघालं की स्वतःचाच राग आला.

मुलांचा मात्र वेगळाच कायदा. मला वाटलं, पानावर तुझं नाव घातलं की झालं. मी घालायला गेले, तर नफलाने काढलं. कारण: "पुरावा नाही. एकाच बाजूने सांगितलं आहे." वर्गात मी म्हटलं, "अगं, मीच तर सांगतेय."

"पुस्तकावर पण तुम्हीच सांगितलं होतं, टीचर."

मग मी कपाट उघडलं. तुझ्या दोन वह्या माझ्याकडेच आहेत, हे तुला माहीत असेलच, पण मी त्या टाकल्या नाहीत हे माहीत नसेल. हिरवी शाई. समासात लिहिलेलं 'वसू, इथे तुझी नदी आवर.' वह्या वर्गात नेल्या. मुलांनी हात धुऊन उघडल्या, मी सांगितलं नव्हतं तरी. प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि गटांनी वाटून घेऊन टाइप करायला बसले. जिथे मी 'नावाडी मोयदीन' केलं होतं तिथे पुन्हा 'माझे उप्पा' झालं. एकशे बारा ठिकाणी. ते मोजून सांगणारा जिष्णू होता, आणि सांगताना त्याने माझ्याकडे बघणं टाळलं.

टाइप करता करता मुली तुझी वाक्यं मोठ्याने वाचत होत्या. खोलीत बारा मुलं एका वेळी तुझ्या आवाजात बोलत होती. मी दाराशी उभी होते. रडले नाही, पण खिडकी उघडण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

सोबत मुलांचं पत्र आहे. त्यात तुझ्यासाठी विकीवर यायचं नाव आणि परवलीचा शब्द नफलाने स्वतः लिहिलाय. परवलीचा शब्द तू बदलून घे, तो चौतीस जणांना पाठ आहे.

ओणमला पायसम केलं की तू डबा न्यायचीस. यंदाही जास्तच करीन, सवयीने.

वसू


९ ऑक्टोबर २०१४

इत्तात्ता,

मंगळवारी दुसऱ्या तासाला मी आठवीला पानिपतची लढाई शिकवत होते. नफला धावत आली, परवानगी न विचारता आत.

"टीचर, होडीच्या पानावर कुणीतरी गडबड करतंय. तुमचं वाक्य काढलं. परत आणू?"

"कुठलं वाक्य?"

"पहिलंच. 'आमची नदी आईसारखी गावाला कुशीत घेऊन अंगाई गात वाहते.'"

"कुणी काढलं?"

"उमैबा के., असं दिसतंय."

मराठे आणि अब्दाली यांना तिथेच सोडून मी निघाले. जिन्यावरून इतक्या जोरात उतरले की शिपाई बाजूला झाला. खोलीत अर्धा वर्ग एका पडद्यापुढे. पहिलं वाक्य नव्हतं. इतिहास उघडला. तुझं कारण तिथे होतं:

"नदी गात नाही. भरतीला ओरडते, सुकतीला गप्प असते. हे मी २००५ मध्येही सांगितलं होतं."

मी खुर्चीत बसले आणि हसले, इत्तात्ता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुलं घाबरली. जिष्णूने विचारलं, "टीचर, परत आणायचं का नाही?"

"हात लावू नका," मी म्हटलं. "बरोबर आहे त्यांचं."

आम्ही तिथेच बसून राहिलो. पडदा दर मिनिटाला ताजा करायचा, आणि बघायचं. दहा वाजून वीस मिनिटांनी तू होडी किती वर्षं चालली तिथलं 'सुमारे साठ वर्षं' पुसून 'एकोणसाठ' केलंस. दहा एकतीसला उधाणाचं घातलंस: अमावस्या-पौर्णिमेनंतर तीन दिवस, पाणी धक्क्याच्या चवथ्या पायरीला लागलं की होडी बंद, घड्याळाचा संबंध नाही. मुलं ओरडली. दोन महिने ती घड्याळातली वेळ शोधत होती. दहा चाळीसला माशांच्या पानावर गेलीस आणि एका दमात तेवीस नावं. मग अकरा वाजता एक प्रश्न, चर्चेच्या पानावर: "खाजणाचं पान कोण लिहितं? चांगलं आहे."

जिष्णू उठून बाहेर गेला. पाच मिनिटांनी तोंड धुऊन आला.

तुझ्या शाळेत त्या वेळी तुझे तास नव्हते का? का तूही कुणाला लढाईत सोडून आली होतीस?

काल मी चर्चेच्या पानावर लिहिलं, "इत्तात्ता, केरळ दिनाला येशील का?" तू उत्तर दिलं नाहीस. तासाभराने नफलाने लिहिलं, "उमैबा टीचर, तुम्ही एक नोव्हेंबरला कुठल्या गाडीने येताय? पय्यन्नूर स्टेशनवर कोण येणार ते ठरवायचं आहे." तू लगेच लिहिलंस, "सकाळची गाडी. पण त्या बाईंना भाषण करू देऊ नका."

त्या बाईंना कबूल आहे.

तुझीच,
वसू


३ नोव्हेंबर २०१४

इत्तात्ता,

आता फोनही करता येईल, पण समोर आलीस तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली, आणि फोनवरही चिकटेल. म्हणून हे.

स्टेशनवर तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बॅग नफलाच्या हातात दिलीस, जिष्णूला म्हणालीस, "तू खाजणवाला ना? बारीक आहेस रे, ढीग कसे फोडतोस?" आणि जीपमध्ये पुढे बसलीस. मी मागे, सहा मुलांमध्ये दाबून. सगळा रस्ता तुझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे बघत होते. केस पांढरे झालेत तुझे. माझेही झालेत, पण मी रंगवते, ते तू एका नजरेत ओळखलंस.

शाळेच्या मैदानात पडदा लावला तेव्हा निम्मं गाव होतं. नफलाने होडीचं पान उघडलं आणि वरून खाली वाचलं. 'माझे उप्पा' आलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हातारं म्हणालं, "मोयदीनची पोर." मग दुसरं कुणी, मग बायका. तू ताठ बसली होतीस. पान सत्तेचाळीसचं वाक्य आल्यावर तू ओढणीचं टोक तोंडाशी धरलंस. मी तेवढंच बघितलं, मग मलाच दिसेना.

भाषण मी केलं नाही. उठून एवढंच म्हटलं की कव्हरवर एकच नाव आहे, ते माझ्यामुळे, आणि ते चूक आहे. तू नंतर म्हणालीस, तेवढं भाषणही जास्तच झालं.

धक्क्यावर आपण दोघी गेलो ते मला लिहून ठेवायचं आहे. पूल झाल्यापासून तिकडे कुणी जात नाही, पायऱ्यांवर शेवाळ. तू चवथ्या पायरीवर उभी राहिलीस. मग म्हणालीस, "नाव नव्हतं त्याचं काही नव्हतं गं. उप्पा नव्हते. माझ्या उप्पांना तू नुसता नावाडी केलंस."

मी म्हटलं, "हो."

"हो काय?"

"हो, केलं. तोडलं तुझ्यापासून."

"मी माफ-बिफ काही केलेलं नाही, वसू."

"मागत नाहीये."

"मागायला काय होतंय तुला?"

म्हणून मग मागितली. पायरीवर, शेवाळात, नीट शब्द लावून. तू ऐकलंस आणि म्हणालीस, "बघते." आणि लगेच, "भूक लागलीय. तुझ्याकडे आहे काही, का नुसत्या उपमाच?"

काल दुपारी एकाच कॉम्प्युटरसमोर दोघी बसलो, ती दुपार मी विसरणार नाही. तू सांगायचीस, मी टाइप करायची, मी दोन शब्द जास्त घातले की तू माझ्या मनगटावर चापट मारायचीस. मुलं दारातून बघत होती. जिष्णू दुसऱ्याला म्हणाला, "या दोघींना एकाच गटात ठेवायला नको होतं." तू मागे न बघता म्हणालीस, "ऐकू येतंय मला." आणि शेवटी पहिलं वाक्य काय असावं ते दोघींनी मिळून ठरवलं. 'चेरुकडवूला येणारा प्रत्येक माणूस आधी पाण्याला विचारायचा.' तुलाही आवडलं, मलाही. तू गाडीत बसताना म्हणालीस, मार्चमध्ये रिटायर झाल्यावर महिनाभर इकडे येऊन सातही प्रकरणं पहिल्यापासून बघायची, आणि तिसरं फार लांबलंय. तिसरं माझं आहे.

आज सकाळी शाळेत आल्या आल्या पान उघडलं. रविवारी रात्रीच्या गाडीने तू घरी पोचलीस, आणि सोमवारी पहाटे पाच बावन्नला, नमाज उरकून असावं, आपण मिळून ठरवलेलं वाक्य तू एकटीने बदलून टाकलंस. 'विचारायचा'च्या जागी 'भ्यायचा'.

इत्तात्ता, भ्यायचा चुकीचं आहे. लोक पाण्याला भ्यायचे नाहीत, त्याची मर्जी सांभाळायचे, दोन्हींत फरक आहे, आणि तुझ्या उप्पांच्याच प्रकरणात तू तसं लिहिलंयस. मी 'विचारायचा' परत केलंय. तुला पटणार नाही, माहीत आहे. पण मला दुपारी चारपर्यंत तास आहेत. तोवर हात लावू नकोस.

वसू